सोलापुरातील बेघरांसाठी घरकुलाचा अर्ज : पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज नेमका कुठे अडतो

रेल्वे स्थानकाबाहेर, एसटी स्टँडवर किंवा मार्केट यार्डातील गाळ्यांच्या पायऱ्यांवर झोपणाऱ्या माणसासाठी कार्यकर्ते मोठ्या उमेदीने प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० चा अर्ज भरतात आणि तो त्रुटी लावून परत येतो. बहुतेक वेळा तो माणूस अपात्र नसतो. कागद उलट्या क्रमाने गोळा केलेले असतात. घरकुलाचा अर्ज हे या कामातले सर्वांत शेवटचे पाऊल आहे. त्याआधी निवाऱ्यातली नोंद, आधार, बँक खाते आणि उत्पन्नाचा दाखला याच क्रमाने जावे लागते, कारण प्रत्येक पुढचा कागद मागच्या कागदावर उभा असतो.

आधी पात्रता. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ३ लाख रुपयांपर्यंत असावे, भारतात कुठेही कुटुंबाच्या नावे पक्के घर नसावे आणि गेल्या २० वर्षांत कोणत्याही शासकीय घरकुल योजनेचा लाभ घेतलेला नसावा. येथे ‘कुटुंब’ म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुले. अक्कलकोट किंवा मंगळवेढ्याकडच्या गावात वडिलांच्या किंवा भावाच्या नावे घर आहे, म्हणून आपण बाद झालो, असे समजून अनेक जण अर्जच करत नाहीत. हा गैरसमज आहे. खरी अडचण नवऱ्याने टाकलेल्या बाईची होते. गावातले पक्के घर नवऱ्याच्या नावे, ती स्वतः फुटपाथवर, घटस्फोटाचा हुकूमनामा नाही आणि कागदोपत्री कुटुंब मात्र एकच. नियम लिहिणाऱ्यांनी ही बाई डोळ्यांसमोर आणलेलीच दिसत नाही. अशा वेळी संजय गांधी निराधार योजनेसाठी घेतलेला परित्यक्ता असल्याचा दाखला आणि वेगळे राहत असल्याचे स्वयंघोषणापत्र अर्जासोबत जोडून प्रकरण लेखी स्वरूपात मांडावे. केवळ तोंडी सांगून काहीही साध्य होत नाही.

आता निवारा. शहरी बेघरांचे निवारे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाखाली सुरू झाले असून एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा असावा आणि तो वर्षभर चोवीस तास उघडा असावा, असे अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले होते. पुष्कळांना तिथे जायला नको वाटते. सामान चोरीला जाईल, नवरा-बायकोला वेगळे ठेवतील, अशी भीती असते आणि ती अगदीच निराधार नाही. तरीही नोंद करून घ्यावी, कारण मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या अधीक्षकाचे किंवा संस्थाप्रमुखाचे प्रमाणपत्र आधारसाठी पत्त्याचा पुरावा म्हणून चालते. ज्याच्याकडे वीजबिल, भाडेकरार, घरपट्टीची पावती यांपैकी काहीच नाही, त्याच्यासाठी एवढा एकच सरळ रस्ता उरतो. निवाऱ्यात राहणे शक्य नसेल, तर राजपत्रित अधिकारी, आमदार, खासदार किंवा नगरसेवक यांचे प्रमाणपत्र चालते. मात्र ते आधार प्राधिकरणाच्या ठरावीक नमुन्यातच हवे, फोटोवर अर्धा येईल असा सही-शिक्का हवा आणि दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत वापरले पाहिजे. नगरसेवकाच्या लेटरहेडवरचे ‘सदर इसमास मी ओळखतो’ असे पत्र घेऊन आलेला माणूस आधार केंद्रातून हमखास परत जातो.

आधारच्या बाबतीत सर्वांत मोठा घोळ नव्या नोंदणीचा नसून हरवलेल्या कार्डाचा असतो. रस्त्यावर राहणाऱ्याची पिशवी चोरीला जाते, पावसात भिजते, अतिक्रमणाच्या गाडीत जाते. कार्ड गेले म्हणजे आधार गेले, असे वाटून तो पुन्हा नवी नोंदणी करतो. बोटांचे ठसे आधीच नोंदलेले असल्यामुळे ती ‘दुबार’ म्हणून फेटाळली जाते आणि हे कळेपर्यंत बरेच दिवस वाया जातात. म्हणून पहिला प्रश्न नेहमी हाच विचारावा, की पूर्वी कधी, कुठेही, कोणत्याही गावात आधार काढले होते का. काढले असेल तर केंद्रात बोटांच्या ठशांवरून जुना क्रमांक शोधून घ्यावा. येथे सोलापूरची एक खास अडचण आहे. वर्षानुवर्षे विड्या वळलेल्या बायकांची आणि यंत्रमागावर काम केलेल्या पुरुषांची बोटे इतकी गुळगुळीत झालेली असतात, की यंत्रावर अंगठा चार-चार वेळा पुसून ठेवला तरी ठसा उमटत नाही आणि ऑपरेटर ‘उद्या या’ म्हणतो. उद्याही बोटे तीच असतात. डोळ्यांच्या बुबुळांवरून ओळख पटवण्याची सोय आहे, तिचा आग्रह धरावा.

त्याच फेरीत मोबाइल क्रमांक आधारला जोडून घ्यावा. त्यासाठी कोणताही कागद लागत नाही. ऑनलाइन अर्जात ओटीपी या क्रमांकावरच येतो. भरणाऱ्या एजंटाचा किंवा शेजारच्या पानटपरीवाल्याचा नंबर जोडलेला असेल, तर पुढचा प्रत्येक निरोप त्याच्याकडे जातो, ही गोष्ट लोकांच्या फार उशिरा लक्षात येते.

नावांच्या बाबतीतही डोळ्यांत तेल घालून पाहावे. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू भाषक कुटुंबांत आधारवर आडनाव आधी, बँकेत नाव आधी आणि शिधापत्रिकेवर ‘नरसम्मा’ची ‘नर्सव्वा’ झालेली, असे सर्रास आढळते. अर्जात आधारवरचेच नाव अक्षर न अक्षर उतरवावे आणि बाकीचे कागद त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्यावेत. उलट करायला जाऊ नये.

बँक खाते शून्य शिल्लकीचे जनधन खाते असले तरी चालते. खात्याला आधार क्रमांक जोडला आहे का, एवढेच विचारून थांबू नये. आधारवर येणारे अनुदान थेट याच खात्यात जमा होईल अशी जोडणी झाली आहे का, हे बँकेत स्पष्ट विचारावे. एकाची दोन खाती असतील, तर पैसे भलत्याच जुन्या, बंद पडलेल्या खात्याकडे वळू शकतात.

उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयाकडून, महा ई-सेवा केंद्रामार्फत मिळतो. त्याची मुदत सर्वाधिक चुकीची वाचली जाते. दाखला काढल्यापासून वर्षभर चालतो, असे लोक धरून चालतात. प्रत्यक्षात तो ३१ मार्चपर्यंतच वैध असतो आणि तसे त्यावरच छापलेले असते. फेब्रुवारीत काढलेला दाखला एप्रिलमध्ये जोडला तर त्रुटी लागणारच. हमाली किंवा कचरावेचणी करणाऱ्याकडे पगारपत्रक मागणाऱ्या कर्मचाऱ्याला शांतपणे स्वयंघोषणापत्र द्यावे. ९ मार्च २०१५ च्या शासन निर्णयाने बहुतेक दाखल्यांसाठी प्रतिज्ञापत्राची जागा स्वयंघोषणापत्राने घेतली आहे, तरीही कचेरीबाहेर स्टॅम्पपेपर विकत घ्यायला लावण्याची सवय काही सुटलेली नाही.

एवढे जमले की अर्ज भरणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. फक्त योजनेतला घटक, म्हणजे घर कोणत्या प्रकाराने हवे ते, निवडताना सावध राहावे. स्वतः घर बांधण्याच्या घटकात स्वतःची जागा लागते. बेघराच्या नावे सातबारा किंवा मिळकत पत्रिका कुठून येणार? त्यासाठी भागीदारीतील परवडणारी घरे हा घटक आहे. त्यात केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे किमान एक लाख रुपये मिळतात, पण उरलेली किंमत लाभार्थ्याने भरायची असते आणि हे कोणी आधी सांगत नाही. सोलापूरजवळच्या कुंभारीतील रे नगर या कामगार वसाहतीतील ३० हजार घरांपैकी १५ हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते दिली गेली, तेव्हापासून ‘कुंभारीला फुकट घर मिळतंय’ असे समजून विचारणा करणारे भेटतात. ती घरे विडी, यंत्रमाग, कचरावेचणी अशा असंघटित क्षेत्रांतील नोंदलेल्या सभासदांसाठी होती आणि त्यांनीही आपला हिस्सा भरला आहे. ज्याला हिस्सा भरणे शक्य नाही, त्याने परवडणाऱ्या भाडेतत्त्वावरील घरांचा घटक विचारावा. त्याच्या लाभार्थ्यांत बेघर आणि निराधार यांचा उल्लेख स्पष्टपणे आहे. आपल्या शहरात त्याखाली आज घरे उपलब्ध आहेत का, हे महापालिकेच्या आवास योजना कक्षात लेखी अर्ज देऊन विचारावे. हिश्श्यासाठी सावकाराचे कर्ज मात्र काढू नये. घर हातात येण्याआधी व्याज दारात येते.

प्रत्येक टेबलावर पोच घ्यावी. उत्पन्नाच्या दाखल्यासारखी सेवा लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मध्ये अधिसूचित असल्याने ती नाकारताना कारण लेखी द्यावे लागते आणि त्यानंतर ३० दिवसांत पहिले अपील करता येते. ‘साहेब नाहीत, पुढच्या आठवड्यात या’ हे नाकारण्याचे कारण नव्हे. घरकुलाच्या अर्जाला त्रुटी लागली, तर कोणता कागद कमी आहे हे त्याच पोचेवर लिहून मागावे आणि तिची झेरॉक्स निवाऱ्याच्या व्यवस्थापकाकडे ठेवायला द्यावी, म्हणजे पिशवी पुन्हा हरवली तरी अर्ज क्रमांक सापडतो.