इव्हँजेलिकल पंथ

प्रॉटेस्टंट ख्रिस्ती धर्मातील एक प्रवाह. प्रत्येक व्यक्तीचा ‘नवा जन्म’, बायबलचे अंतिम प्रामाण्य, येशूने क्रूसावर केलेले प्रायश्चित्त आणि सुवार्तेचा प्रसार यांवर त्याचा विशेष भर असतो. बॅप्टिस्ट, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन, अँग्लिकन, पेंटेकोस्टल अशा अनेक चर्चसंघटनांत या प्रवाहाचे लोक आढळतात. कोणत्याही संघटनेशी न जोडलेल्या स्वतंत्र मंडळ्याही त्यात मोठ्या संख्येने आहेत. सर्वांना मान्य असा प्रमुख, मुख्यालय किंवा सदस्यसूची त्याला नाही. त्यामुळे ‘पंथ’ हा शब्द येथे सोयीपुरताच घ्यावा.

संज्ञा : मूळ ग्रीक शब्द ‘एव्हांगेलिऑन’, म्हणजे शुभवर्तमान किंवा सुवार्ता. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरचे अनुयायी ‘एव्हांगेलिश’ म्हणवून घेत आणि जर्मनीत आजही त्या शब्दाचा अर्थ सरळ ‘प्रॉटेस्टंट’ एवढाच होतो. ब्राझीलमध्येही ‘एव्हांजेलिको’ हा शब्द पेंटेकोस्टलांसह बहुतेक सर्व प्रॉटेस्टंटांना लावतात. इंग्रजीत मात्र अठराव्या शतकापासून तो एका विशिष्ट प्रवाहापुरता उरला. निरनिराळ्या देशांतील आकडेवारी शेजारी ठेवून पाहणाऱ्याने हा फरक आधी लक्षात घ्यावा. ‘इव्हँजेलिस्ट’ म्हणजे सुवार्ताप्रचारक. वृत्तपत्रांतून या दोन शब्दांची गल्लत नेहमी होते.

उगमाविषयीचा वाद : ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड बेबिंग्टन यांनी १९८९ मध्ये या प्रवाहाची चार लक्षणे सांगितली : मनःपरिवर्तन, कृतिशीलता, बायबलनिष्ठा आणि क्रूसकेंद्रितता. ही चौकट आता जवळजवळ सर्वत्र वापरली जाते. त्यांचे दुसरे प्रतिपादन अधिक वादग्रस्त ठरले. १७३० च्या दशकात काही खरोखरच नवे घडले, असे ते म्हणतात. सतराव्या शतकातील प्युरिटन (इंग्लंडमधील कडव्या सुधारणावादी प्रॉटेस्टंट) भाविकाला आपले तारण झाले आहे याची खात्री पुष्कळदा दीर्घ आत्मपरीक्षणानंतरच होई, आणि कित्येकांना ती कधीच होत नसे. नव्या प्रचारकांनी ही खात्री श्रद्धेच्या प्रारंभीच मिळू शकते असे सांगितले. आत्मविश्वासाने प्रचारास निघण्याचे बळ त्यातूनच आले. अनुभवाला प्रमाण मानणाऱ्या ज्ञानोदयकाळाचा (एनलाइटनमेंट) हा प्रभाव होय, असे बेबिंग्टन यांचे मत आहे.

यावर २००८ मध्ये मायकेल हेकिन व केनेथ स्ट्युअर्ट यांनी संपादिलेल्या निबंधसंग्रहात अनेक अभ्यासकांनी हरकती घेतल्या. ही चारही लक्षणे प्युरिटनांत, किंबहुना धर्मसुधारकांतही दिसतात. सबब १७३० चे दशक हे खंड पडण्याचे स्थान नसून वेग वाढण्याचे आहे, असा त्यांचा रोख आहे. तिसरे मत इतिहासकार डब्ल्यू. आर. वॉर्ड यांचे. त्यांनी शोध इंग्लंडबाहेर, मध्य युरोपात नेला. सायलीशियात चर्चइमारती हिरावल्या गेलेल्या प्रॉटेस्टंटांची मुले १७०७–०८ च्या सुमारास उघड्यावर जमून प्रार्थना करू लागली होती. साल्झबर्गच्या आर्चबिशपने १७३१ मध्ये प्रॉटेस्टंटांना हद्दपार केले; सुमारे २०,००० लोक देशोधडीला लागले. मोराव्हियातून आलेल्या निर्वासितांना काउंट त्सिन्त्सेनडॉर्फ याने सॅक्सनीत आपल्या जमिनीवर आश्रय दिला आणि तेथील हेर्नहूट वसाहतीत १७२७ मध्ये संजीवनाची, म्हणजे सामूहिक धर्मजागृतीची, लाट आली. पाद्री नाही, चर्चइमारत नाही, अशा स्थितीत घरोघरीच्या प्रार्थनागटांवर धर्म तगवून धरण्याची जी पद्धत पडली, तीच पुढे इंग्रजी भाषिक जगात पसरली, असे या मताचे सार आहे.

लंडनच्या ऑल्डर्सगेट स्ट्रीटवर २४ मे १७३८ च्या संध्याकाळी जे घडले, त्याचा आधार तिन्ही पक्ष घेतात. जॉन वेस्ली हा अँग्लिकन पाद्री मनाविरुद्धच एका सभेस गेला. बायबलमधील ‘रोमकरांस पत्र’ या भागाला ल्यूथरने लिहिलेली प्रस्तावना तेथे कोणी वाचत होते. पावणेनऊच्या सुमारास आपल्या हृदयात अनोखी ऊब दाटली आणि आपली पापे दूर झाल्याची खात्री पटली, असे वेस्लीने रोजनिशीत नोंदवले आहे. मजकूर धर्मसुधारणेचा, अनुभव नव्या धाटणीचा, आणि वेस्लीला त्या वाटेवर आणणारा पीटर बोलर हा मोरावियन, म्हणजे हेर्नहूटच्या परंपरेतला. या प्रसंगाचा उलगडा वॉर्ड यांच्या मांडणीने अधिक नीट होतो. मात्र अमेरिकेत नॉर्थॅम्प्टन येथे जोनाथन एडवर्ड्‌झच्या मंडळीत १७३४–३५ मध्ये झालेले संजीवन तिच्यात सहज बसत नाही. निश्चित आरंभवर्ष न देणेच इष्ट.

मंडळीचे जीवन : जन्माने कोणी ख्रिस्ती होत नाही, ही येथील मूळ धारणा. त्यामुळे ‘तुमचे तारण केव्हा झाले?’ हा प्रश्न सहज विचारला जातो आणि त्याचे उत्तर म्हणून प्रत्येकाकडे आपली ‘साक्ष’ असते. चार्ल्स फिनी या अमेरिकन प्रचारकाने १८३० च्या सुमारास सभेत पुढे एक बाक मोकळा ठेवून, पापाच्या जाणिवेने व्याकुळ झालेल्यांना तेथे येऊन बसायला सांगण्याची रीत रूढ केली. टीकाकारांना हा भावना चेतवण्याचा कारखाना वाटला. रीत मात्र टिकली. बिली ग्रॅहम यांच्या १९४९ च्या लॉस अँजेलिस येथील सभा तीन आठवड्यांसाठी योजल्या होत्या. त्या आठ आठवडे चालल्या. त्यांच्या सभांत उपदेश संपला की गायकवृंद संथ स्तोत्र गाई, लोक आसने सोडून व्यासपीठापाशी येत, तेथे प्रत्येकाशी एक समुपदेशक बोले आणि नाव-पत्त्याचे कार्ड भरून ते जवळच्या मंडळीकडे पाठवले जाई. अंतःकरणातील बदल आणि भरलेले कार्ड यांचा असा संयोग या परंपरेचे वैशिष्ट्यच म्हणावा लागेल.

बाप्तिस्मा अर्भकांना द्यावा की केवळ विश्वास कबूल करणाऱ्यांना, यावर एकमत नाही. मूळ लेखनात बायबल सर्वस्वी निर्दोष आहे, ही भूमिका १९७८ च्या शिकागो निवेदनात मांडली गेली. ती सर्वांनाच मान्य आहे असे नाही. स्त्रियांनी पाळक व्हावे काय, हा सध्याचा सर्वांत तीव्र वाद. सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनने २००० मध्ये पाळकपद पुरुषांपुरते असल्याचे आपल्या श्रद्धानिवेदनात घातले आणि २०२३ मध्ये, स्त्री-पाळक नेमल्यावरून, कॅलिफोर्नियातील सॅडलबॅक ही आपली एक अतिविशाल मंडळी संघटनेबाहेर काढली.

राजकारण व संस्कृती : विल्यम विल्बरफोर्स आणि लंडननजीक क्लॅपम येथे राहणारा त्याचा मित्रवर्ग यांच्या चळवळीमुळे ब्रिटनमध्ये १८०७ साली गुलामांचा व्यापार बंद झाला, बहुतेक वसाहतींतील गुलामगिरी मोडणारा कायदा १८३३ चा. ईस्ट इंडिया कंपनीच्या १८१३ च्या सनदेत मिशनऱ्यांना वाट मोकळी करणारे कलम याच मंडळींनी घालून घेतले. त्याच श्रद्धेचे अमेरिकन लोक गुलामगिरीच्या बाजूनेही उभे राहिले. गुलाम बाळगणाऱ्यांना मिशनरी नेमण्यावरून बॅप्टिस्टांत फूट पडली आणि १८४५ मध्ये सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन स्थापन झाले. या संघटनेने १९९५ मध्ये त्याबद्दल क्षमा मागितली.

उत्क्रांतिवाद शिकवल्याबद्दल टेनेसीतील डेटन येथे १९२५ मध्ये एका शिक्षकावर खटला झाला. दंड शंभर डॉलरचा झाला आणि हसे बायबल अक्षरशः खरे मानणाऱ्या मूलतत्त्ववाद्यांचे. त्यानंतर ते सार्वजनिक जीवनातून दूर झाले असे पूर्वी सांगत; आता हे विधान अतिशयोक्त मानले जाते. १९४२ मध्ये नॅशनल असोसिएशन ऑफ इव्हँजेलिकल्स स्थापन झाली. कार्ल हेन्री यांनी १९४७ मध्ये सामाजिक प्रश्नांकडे पाठ फिरवल्याबद्दल स्वकीयांनाच धारेवर धरले. संस्कृतीविषयीच्या विचारांवर डच धर्मपंडित अब्राहम कायपर याची छाप आहे. १९०१ ते १९०५ या काळात तो नेदरलँड्सचा पंतप्रधान होता. कुटुंब, शाळा, चर्च, राज्य ही प्रत्येकी ईश्वराने नेमलेली स्वायत्त क्षेत्रे होत, असे तो मानी.

अमेरिकेतील ‘ख्रिस्ती उजव्या’ राजकारणाचा उगमही वादातीत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९७३ च्या गर्भपातविषयक निर्णयातून ते जन्मले, ही लोकप्रिय समजूत. परंतु सदर्न बॅप्टिस्टांच्या १९७१ च्या ठरावाने बलात्कार, गर्भातील गंभीर व्यंग, मातेच्या आरोग्यास धोका अशा प्रसंगी गर्भपातास मुभा असावी असे म्हटले होते. इतिहासकार रँडल बाल्मर यांच्या मते खरी ठिणगी वंशभेद पाळणाऱ्या ख्रिस्ती शिक्षणसंस्थांची करसवलत काढून घेण्याच्या धोरणाने पडली. डॅनियल के. विल्यम्स हा इतिहास आणखी काही दशके मागे नेतात व एकच कारण मानत नाहीत. त्यांचे मत अधिक सावध आहे. बॅप्टिस्ट प्रचारक जेरी फॉलवेल यांनी १९६५ मध्ये प्रचारकांनी मोर्चांत पडू नये असा उपदेश केला होता. १९७९ मध्ये त्यांनीच ‘मॉरल मेजॉरिटी’ ही संघटना काढली. ती दहा वर्षे चालली. २०१६ च्या निवडणुकीत मतदानोत्तर पाहण्यांनुसार सुमारे ८०% गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांनी डॉनल्ड ट्रम्प यांना मत दिले. जवळपास हीच श्रद्धा बाळगणारे कृष्णवर्णीय प्रॉटेस्टंट मात्र बहुसंख्येने डेमोक्रॅटिक पक्षास मत देतात आणि पुष्कळदा हे नावही लावत नाहीत. ‘इव्हँजेलिकल मत’ हा शब्दप्रयोग म्हणूनच जपून वापरावा लागतो.

स्वित्झर्लंडमधील लोझान येथे १९७४ मध्ये सुमारे १५० देशांचे इव्हँजेलिकल प्रतिनिधी परिषदेसाठी जमले. जॉन स्टॉट यांनी मुख्यतः सिद्ध केलेल्या तेथील करारनाम्यात सुवार्ताप्रसार व सामाजिक-राजकीय कार्य ही दोन्ही ख्रिस्ती कर्तव्ये ठरली. रेने पादिया, सॅम्युएल एस्कोबार या लॅटिन अमेरिकी विचारवंतांचा त्यासाठी आग्रह होता. यापुढील परिषदा मनिला (१९८९), केप टाउन (२०१०) आणि दक्षिण कोरियातील इंचॉन (२०२४) येथे भरल्या.