ऑफिसच्या टेलिफोन वायरिंगसाठी एमडीएफची आखणी: केबल ओढण्याआधी वाचा

ईपीएबीएक्स (ऑफिसचे अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंज) कोणता घ्यायचा यावर ग्राहक पुष्कळ विचार करतात. सगळ्या केबल जिथे येऊन संपतात त्या भिंतीचा विचार मात्र शेवटी होतो, आणि तोवर केबल कमी लांबीच्या कापून झालेल्या असतात. यंत्र पुढे बदलता येते. बांधकामात पुरलेले वायरिंग सहसा तसेच राहते. म्हणून एमडीएफ, म्हणजे या भिंतीवरची मुख्य जोडणी-चौकट, आधी कागदावर आखावा, असा आमचा आग्रह असतो.

एमडीएफवर एकाच प्रकारच्या केबलचा एक विभाग करतात आणि प्रत्येक विभागाला ठरलेला रंग असतो. टेलिफोन कंपनीकडून आलेल्या लाइनी हिरव्या विभागात, ईपीएबीएक्सचे पोर्ट जांभळ्या, टेबलांपर्यंत जाणाऱ्या केबल निळ्या, मजल्यांमधली मुख्य केबल पांढऱ्या, दुसऱ्या इमारतीला जाणारी तपकिरी, आणि डोअर फोन, पेजिंग, अलार्म ही किरकोळ जोडणी पिवळ्या विभागात. विभाग एकमेकांना जोडले जातात ते फक्त जंपर वायरने, म्हणजे छोट्या जोडतारेने. माणसाने टेबल बदलले की एक जंपर हलवायचा, केबलला हात लावायचा नाही. सगळी सोय या एका गोष्टीत आहे.

आता हिशोब. समजा एका मजल्यावर ८० टेबले आहेत. वाढीसाठी २० टक्के धरले की ९६ केबल झाल्या, प्रत्येकी ४ जोड्यांच्या (जोडी म्हणजे एकत्र पिळलेल्या दोन तारा). ११० प्रकारच्या ब्लॉकवर (तारा खाचेत दाबून बसवायचा जोडणी-ठोकळा) एका ओळीत २५ जोड्या बसतात. म्हणजे ओळीला ६ केबल, २४ जोड्या, आणि पंचविसावी जागा मोकळी. ती मोकळीच ठेवावी. ती भरायला सातव्या केबलची एक जोडी या ओळीत आणि तीन पुढच्या ओळीत घातल्या, की तिथून पुढचे सगळे क्रमांक सरकतात आणि दुरुस्तीला आलेला माणूस गोंधळतो. तेव्हा ९६ केबलना १६ ओळी, म्हणजे १०० जोड्यांचे ४ ब्लॉक. क्रोन मॉड्यूल (अशाच जोडणी-ठोकळ्याचा दुसरा प्रकार) वापरणार असाल तर १० जोड्यांच्या मॉड्यूलवर दोनच केबल घ्याव्यात. ९६ केबलना ४८ मॉड्यूल लागतील.

जांभळ्या विभागात केबलपेक्षा ईपीएबीएक्सच्या कार्डांकडे बघावे. १६ पोर्टच्या कार्डाला २५ जोड्यांची केबल येत असेल तर ९ जोड्या रिकाम्या राहतात. तरीही एका कार्डाला एक पूर्ण ओळ द्यावी. ९६ पोर्टना ६ कार्डे, ६ ओळी, २ ब्लॉक. उरलेल्या दोन ओळी पुढच्या कार्डांना.

सर्वांत जास्त चुकते ती पांढऱ्या विभागाची मोजणी. वरच्या मजल्यावर ३० टेबले आहेत आणि प्रत्येकी दोन जोड्या धरल्या तर ६० होतात. वाढ लक्षात घेऊन १०० जोड्यांची केबल टाकावी. या केबलला दोन टोके असतात, आणि दोन्ही ठिकाणी ४-४ ओळी लागतात. मागणी एकाच टोकाची दिली जाते आणि ऐन कामात ब्लॉक कमी पडतो.

मांडणी जंपरच्या गर्दीवरून ठरते. जांभळ्या आणि निळ्यात सर्वाधिक जंपर जातात, म्हणून ते शेजारी. ट्रंक लाइनी (टेलिफोन कंपनीकडून येणाऱ्या) मोजक्या असतात; हिरवा विभाग जांभळ्याच्या दुसऱ्या बाजूला चालतो. दर दोन उभ्या रांगांमध्ये जंपर उतरायला मोकळी पट्टी सोडावी. ती वाचवली की जंपर ब्लॉकच्या तोंडावरून जातात, आणि वर्षभरात खालचा क्रमांकच दिसेनासा होतो.

जोडणी करताना जोडीचा पीळ शेवटपर्यंत राखावा. डेटा केबलमध्ये १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नये. दोन वेगळ्या जोड्यांतली एकेक तार घेऊन लाइन जोडली तर साध्या टेस्टरवर ती बरोबर दिसते, पण फोनवर शेजारचे बोलणे ऐकू येते. तार खाचेत बसवायला पंचिंग टूलच वापरावे. स्क्रूड्रायव्हरने तार दाबली की खाचेतली पाती फाकतात आणि काही महिन्यांनी लाइनवर खरखर सुरू होते. एका खाचेत दोन तारा घालू नयेत. रिंग वाजत असताना लाइनवर सुमारे ७५ ते ९० व्होल्ट एसी असतात, म्हणून चालू लाइनच्या उघड्या तारांना हात लावू नये.

इमारतीबाहेरून येणाऱ्या प्रत्येक जोडीला सर्ज प्रोटेक्टर हवा. दोन इमारतींमधल्या केबलला तो दोन्ही टोकांना हवा. त्याची अर्थिंग तार जाड, आखूड आणि शक्य तितकी सरळ असावी. अर्थिंग नसलेला प्रोटेक्टर असून नसल्यासारखा.

ब्लॉकवरच्या लेबलवर एक्सटेन्शन नंबर लिहू नका. नंबर माणसाबरोबर फिरतो, लेबल जागेवरच राहते. निळ्या विभागात टेबल पॉइंटचा क्रमांक आणि जांभळ्यात कार्ड व पोर्ट लिहावा. कोणता एक्सटेन्शन कुठे आहे ते रजिस्टरमध्ये असावे, आणि ते रजिस्टर एमडीएफच्या खोलीतच टांगलेले असावे.

आयपी फोन घेणार असाल तर टेबलांच्या केबल पॅच पॅनलवर (नेटवर्क केबलच्या सॉकेटांची पट्टी) जातील आणि निळा विभाग इथे लागणार नाही. फॅक्स, लिफ्टमधला फोन आणि अलार्म साध्या जोड्यांवर असतील, तर छोटा एमडीएफ तरीही ठेवावा लागेल.

अंदाजपत्रक मागताना आम्हाला प्रत्येक मजल्याचा टेबलांसह नकाशा, ट्रंक लाइनींची संख्या, ईपीएबीएक्सच्या कार्डांची यादी आणि एमडीएफच्या भिंतीची लांबी-उंची द्यावी. भिंतीसमोर एक मीटर मोकळी जागा आहे का, तेही कळवावे.