"नेटफ्लिक्सने घुसडलंय" म्हणण्याआधी: थ्री बॉडी प्रॉब्लेमच्या दोन मालिका

पृथ्वीकडे निघालेल्या एलियन्सची गोष्ट सांगणाऱ्या थ्री बॉडी प्रॉब्लेमचा विषय निघाला की ठरलेलं भांडण होतं. एक जण म्हणतो फार संथ आहे राव, दुसरा म्हणतो संथ कसली, आठ भागांत सगळं उरकून टाकलंय, आणि बऱ्याच वेळाने कळतं की एकाने चिनी बघितलीय आणि दुसऱ्याने नेटफ्लिक्सवाली. एवढं चालतं, नावच एक आहे म्हटल्यावर होणारच. पण दोन्ही बघितलेली माणसं जेव्हा ठासून सांगतात की "नेटफ्लिक्सने चिनी मालिकेचा रिमेक करताना वाट लावली, तो कॅन्सरवाला प्रेमी आणि मेंदू अंतराळात पाठवायचा प्रकार स्वतःच्या मनाने घुसडला", तेव्हा मात्र मला राहवत नाही, कारण यातला एकही शब्द बरोबर नाहीये. पुढे दोन्ही मालिकांचे आणि थोडे पुस्तकांचेही स्पॉयलर आहेत, बघायचं बाकी असेल तर आधी बघून या.

नेटफ्लिक्सवाली तुम्हाला माहीतच असणार. 21 मार्च 2024 ला आली, आठ भाग, गेम ऑफ थ्रोन्सवाले बेनिऑफ आणि वाइस, सोबत अलेक्झांडर वू. ऑक्सफर्डला एकत्र शिकलेले पाच मित्र, लंडन, बेनेडिक्ट वाँगचा दा शी आणि लियम कनिंगहॅमचा थॉमस वेड. बस.

चिनी मालिका टेन्सेंट या चिनी कंपनीची. जानेवारी 2023 मध्ये आली, 30 भाग, दिग्दर्शक यांग लेई. गोष्ट 2007 च्या बीजिंगमध्ये घडते, ऑलिम्पिक एका वर्षावर आलंय, आणि वांग मियाओ नावाचा नॅनोमटेरियलवर काम करणारा शास्त्रज्ञ एका रांगड्या पोलीस अधिकाऱ्यासोबत, म्हणजे दा शीसोबत, शास्त्रज्ञांच्या आत्महत्यांच्या मागे लागतो. हा दा शी यू हेवेईने केलाय आणि माझ्यासाठी दोन्ही मालिका मिळून सगळ्यात भारी काम त्याचंच आहे, बेनेडिक्ट वाँग वाईट नाहीच, पण त्याच्या वाट्याला तेवढं लिहिलेलंच नाहीये.

रिमेकचं आधी मिटवून टाकू. नेटफ्लिक्सने आपली मालिका 2020 मध्येच जाहीर केली होती, तेव्हा चिनी मालिका पडद्यावर यायला दोन वर्षांहून जास्त अवकाश होता. दोन्ही स्वतंत्रपणे लिऊ त्सशिनच्या कादंबरीवरून केल्यात. ही कादंबरी 2006 मध्ये चीनमधल्या एका सायन्स फिक्शन मासिकात क्रमशः आली, 2008 ला पुस्तक झालं, 2014 ला केन लिऊने इंग्रजीत आणलं आणि 2015 चा ह्यूगो हा सायन्स फिक्शनचा मोठा पुरस्कार तिला मिळाला. कोणी कोणाची कॉपी केलेली नाही.

बाकी फरक किरकोळ आहेत आणि लोक त्यावरच तासन्‌तास बोलतात. वांग मियाओ नेटफ्लिक्सवर दिसत नाही कारण त्याला वाटून टाकलाय, त्याचा अतिबारीक, अतिकठीण धागा म्हणजे नॅनोफायबर आणि डोळ्यांसमोर दिसत राहणारा काउंटडाऊन पाच मित्रांतल्या ऑगीला दिला, एलियन्सचं जग दाखवणारा व्हीआर गेम खेळायचं काम जिनला. गेममधला, सैनिक उभे करून बनवलेल्या कॉम्प्युटरचा सीन पुस्तकात आणि चिनी मालिकेत सम्राट चिन शी हुआंगच्या दरबारात आहे, नेटफ्लिक्सवर कुबलाई खानाच्या. चिनीमध्ये गेमचं जग ॲनिमेशनमध्ये आहे, नेटफ्लिक्सवर खरे कलाकार. ह्यातल्या कशानेही कथेला फरक पडत नाही, आवडीचा प्रश्न आहे, सोडून द्या.

फरक पडतो तो इथे. पुस्तकं एक नाही, तीन आहेत. टेन्सेंटच्या 30 भागांत फक्त पहिलं पुस्तक आहे, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, जवळजवळ प्रसंगाला प्रसंग लावून. नेटफ्लिक्सने आठ भागांत तिन्ही पुस्तकांतून माल उचललाय. ही एक गोष्ट डोक्यात ठेवली नाही तर दोन मालिकांची तुलना करण्यात काहीच अर्थ नाही, आणि लोक नेमकी हीच ठेवत नाहीत.

नेटफ्लिक्सच्या पाच मित्रांतला विल डाऊनिंग घ्या. मरायला टेकलेला, कॉलेजपासून एका मुलीवर मनातल्या मनात प्रेम करणारा, मित्राच्या पैशातून तिच्यासाठी एक तारा विकत घेणारा आणि शेवटी फक्त मेंदू म्हणून अंतराळात जाणारा. लोक म्हणतात हा नेटफ्लिक्सचा टिपिकल रडका मसाला आहे. अहो हा तिसऱ्या पुस्तकातला युन तियानमिंग आहे! कॅन्सर, तारा, मेंदू, सगळं लिऊ त्सशिनने स्वतः लिहिलंय. पैसे देणारा मित्रही आहे, हू वेन नावाचा, त्याने तियानमिंगच्या कल्पनेवरून एक पेय बाजारात आणून पैसा केलेला असतो आणि त्यातला वाटा म्हणून तो तीस लाख युआन देतो, तोच नेटफ्लिक्सवर स्नॅक्स विकणारा जॅक रूनी झालाय. "फक्त मेंदू पाठवा" म्हणणारा वेडसुद्धा तिसऱ्या पुस्तकातला. आणि शेवटच्या भागात युनोमध्ये ज्याचं नाव वॉलफेसर (शत्रूला कळू नये म्हणून आपला बेत फक्त स्वतःच्या डोक्यात ठेवणारा माणूस) म्हणून पुकारतात तो पाचांमधला सॉल म्हणजे दुसऱ्या पुस्तकाचा नायक लुओ जी. चिनी मालिकेत हे कोणी नाहीत कारण त्यांचं पुस्तकच अजून उघडलेलं नाही, टेन्सेंटने कोणाला गाळलेलं नाहीये.

मग नेटफ्लिक्सने तिसऱ्या पुस्तकातलं सुरुवातीलाच का आणलं? इथे बहुतेकांचा पाय घसरतो, म्हणून जरा सावकाश सांगतो. तिसरं पुस्तक हे दुसऱ्याच्या पुढच्या काळात सुरू होतच नाही. सुरुवातीचं जुन्या कॉन्स्टँटिनोपलचं प्रकरण सोडलं तर ते मागे येतं, थेट त्या काळात जेव्हा एलियन्सचं आरमार निघालंय हे जगाला नुकतंच कळलंय, आणि तिथून तियानमिंगची आणि मेंदू पाठवायच्या मोहिमेची गोष्ट सांगतं. दुसऱ्या पुस्तकातली वॉलफेसर योजनाही त्याच काळातली. म्हणजे लेखकाने एकाच कालखंडातल्या दोन गोष्टी दोन वेगवेगळ्या पुस्तकांत ठेवल्यात आणि वाचकाला दुसरी गोष्ट फार उशिरा कळते. नेटफ्लिक्सने त्या कॅलेंडरप्रमाणे लावल्या. टेन्सेंट पुस्तकाच्या क्रमाने चाललंय, नेटफ्लिक्स घटनांच्या क्रमाने, आणि दोन्ही क्रम मूळ कादंबऱ्यांतलेच आहेत. नेटफ्लिक्सच्या पहिल्या पाच भागांतून विल-जॅकचा धागा बाजूला काढला की साधारण पहिलं पुस्तक उरतं, म्हणजे पनामा कालव्यात नॅनोफायबरने जहाज कापतात आणि "तुम्ही किडे आहात" हा निरोप येतो तिथपर्यंत. टेन्सेंटचे 30 भाग म्हणजे नेटफ्लिक्सचे ते पाच. सहा, सात, आठ हे जवळपास पूर्ण दुसऱ्या-तिसऱ्या पुस्तकातले. त्यामुळे "चिनी मालिका अर्धवट संपते" ही तक्रारही चुकीची, ती जिथे पहिलं पुस्तक संपतं तिथेच संपते, किड्यांच्या त्या सीननंतर एलियन्सना पहिलं उत्तर पाठवणारी शास्त्रज्ञ ये वेन्जिए म्हातारपणी तिच्या जुन्या रेड कोस्ट तळाच्या डोंगरावर सूर्यास्त बघते तिथे.

आता नेटफ्लिक्सने खरंच स्वतःचं काय केलं ते बघा, कारण नावं ठेवायचीच असतील तर इथे जागा आहे. पहिलं म्हणजे ह्या सगळ्यांना एकमेकांचे मित्र केलं. पुस्तकांत वांग मियाओ, लुओ जी आणि चेंग शिन (जिच्यासाठी तियानमिंग तारा घेतो ती) हे एका टोळक्यातले नाहीतच. लुओ जी कुठलाही मोठा माणूस नाही, आरामात जगणारा एक प्राध्यापक, आणि अख्ख्या जगातून शत्रूला नेमका ह्याचाच जीव का हवाय हे कोणालाच, त्याला स्वतःलाही, कळत नाही, ह्यातच दुसऱ्या पुस्तकाची सगळी धार आहे. नेटफ्लिक्सवर मात्र मानवजातीचं भवितव्य एका कॉलेजच्या एका ग्रुपमध्येच फिरत राहतं. मला ते पटत नाही. आठ भागांत इतकी पात्रं बसवायची म्हणजे असं काहीतरी करावं लागणार हे समजतं, तरीही जगाचा आकार लहान होतो.

ये वेन्जिए सॉलला एलियन्सविरुद्धचा इशारा म्हणून आइन्स्टाइनचा जोक सांगते तोही नेटफ्लिक्सचाच. पुस्तकात ती लुओ जीला तिच्या मुलीच्या थडग्यापाशी दोन सरळ विधानं सांगते: जगणं ही प्रत्येक संस्कृतीची पहिली गरज, आणि संस्कृती वाढत जातात पण विश्वातलं एकूण द्रव्य तेवढंच राहतं. वाचणाऱ्याला सगळे पत्ते हातात मिळतात आणि तरी पुढचं सुचत नाही. जोकमध्ये तो मान प्रेक्षकाला मिळत नाही.

आणि माझा सगळ्यात मोठा राग, आकाश डोळे मिचकावतं तो सीन. नेटफ्लिक्सवर रात्री आकाशातले सगळे तारे चालू-बंद होतात आणि रस्त्यावरची माणसं मान वर करून बघतात. दिसायला जबरदस्त आहे, मान्य. पण पुस्तकात तारे लुकलुकतच नाहीत, लुकलुकतं ते विश्वाच्या सुरुवातीपासून उरलेलं मायक्रोवेव्ह प्रारण, जे साध्या डोळ्यांना दिसत नाही. ते सगळ्या दिशांनी जवळजवळ सारखं येतं, निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम पावणेतीन केल्विन, आणि त्यातले खरे चढउतार साधारण लाखात एक भाग इतके बारीक. वांग मियाओ रेडिओ वेधशाळेत जाऊन बसतो आणि स्क्रीनवरची ती रेष सांगितलेल्या वेळेला उसळायला लागते. मग तो खास चष्मा घालतो तेव्हा त्याला अख्खं आकाश लाल उजेडात धडधडताना दिसतं, आणि आजूबाजूचं शहर शांत झोपलेलं असतं. भीती त्याचीच आहे! आयुष्यभर ज्या नियमांवर विश्वास ठेवला ते फक्त तुझ्यासाठी, तुझ्या एकट्यासाठी मोडून दाखवतंय कोणीतरी, आणि ते तू कोणाला सांगूही शकत नाहीस. सगळ्या जगाला तारे विझताना दिसले तर ते एकट्या माणसावरचं दडपण उरत नाही, आणि वर दुसऱ्या दिवशी जग आपल्या कामाला लागतं हे तर अजिबातच पटत नाही. चिनी मालिका इथे घाई करत नाही. डिंग यी नावाचा भौतिकशास्त्रज्ञ बिलियर्डचं टेबल खोलीत इकडून तिकडे सरकवून वांग मियाओला तोच फटका परत परत मारायला लावतो, जागा बदलली वेळ बदलली तरी निकाल तोच, हा भौतिकशास्त्राचा पाया आहे, आता समज प्रत्येक वेळी चेंडू वेगळीकडे गेला तर? शास्त्रज्ञ जीव का देतायत हे त्या सीनमध्ये जसं पोटात उतरतं तसं नेटफ्लिक्सवर कुठेच उतरत नाही.

पण चिनी मालिकेचे भक्त एका बाबतीत डोळे मिटून घेतात. माओच्या काळातली सांस्कृतिक क्रांती. ये वेन्जिएच्या डोळ्यांदेखत तिच्या प्राध्यापक वडिलांना रेड गार्ड्स, म्हणजे माओचे तरुण अनुयायी, मारून टाकतात, आईच त्यांच्याविरुद्ध बोलायला उभी राहते, आणि म्हणूनच पुढे एलियन्सकडून "उत्तर देऊ नका" असा इशारा येऊनसुद्धा ती उत्तर देते. नेटफ्लिक्सची सुरुवातच त्या सीनने होते आणि तो अंगावर येतो. टेन्सेंटने तो आडून-आडून उरकलाय, त्यामुळे ती हे का करते हे बुद्धीला कळतं पण मनाला भिडत नाही, आणि सगळी कथा तिच्या त्या एका बटण दाबण्यावर उभी आहे. "नेटफ्लिक्सने चीनला बदनाम करायला तो सीन पुढे आणला" असंही बोललं जातं, तर मासिकात पहिल्यांदा छापलं तेव्हा गोष्ट तिथूनच सुरू होत होती. चिनी पुस्तकात ती प्रकरणं मध्ये सरकली आणि इंग्रजी अनुवादात लेखकाच्या संमतीने परत सुरुवातीला आली.

आणखी एक, चिनी मालिकेत भर घातलेलीच नाही असंही नाहीये. ती पत्रकार बाई पुस्तकात नाही, आणि तेच तेच फ्लॅशबॅक इतक्या वेळा येतात की मधल्या भागांत कंटाळा येतो. 2024 मध्ये त्यांनीच काटछाट करून 26 भागांची आवृत्ती काढली, मिळाली तर तीच बघा.

क्रम विचाराल तर माझं मत पक्कं आहे: आधी टेन्सेंट, मग नेटफ्लिक्स. उलटं केलंत तर पाचव्या भागातच जहाज, सोफॉन (एलियन्सचे प्रोटॉनएवढे हेर कॉम्प्युटर) आणि एलियन्सचा बेत सगळं उघड होतं आणि मग चिनी मालिकेचं रहस्य, जी तिची खरी ताकद आहे, ते आधीच माहीत असताना 30 भाग बघायला लागतात. नेटफ्लिक्सचे पुढचे दोन सीझन 2024 मध्येच मंजूर झालेत, त्यात वॉलफेसरची गोष्ट येणार, तेव्हा ते यायच्या आत दुसरं पुस्तक वाचून ठेवा, म्हणजे तेव्हा तरी लुओ जीचं सगळं नेटफ्लिक्सच्या नावावर लागणार नाही. आणि डिसेंबर 2022 मध्ये बिलिबिलीवर आलेली ॲनिमेशनवाली तिसरी एक मालिका आहे, ती थेट दुसऱ्या पुस्तकापासून सुरू होते, तिने सुरुवात अजिबात करू नका, हे लोक कोण आहेत हेच कळणार नाही.