आवाज दाबायचा, मोठा करण्यासाठी

ध्वनिमुद्रणात आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला की कॉम्प्रेसर नावाचं उपकरण त्याला आपोआप खाली दाबतं. गुणोत्तर ४:१ ठेवलं, तर मर्यादेपुढे ४ डेसिबल चढलेला आवाज बाहेर पडताना जेमतेम १ डेसिबल चढलेला असतो. आवाजाची शिखरं अशी खाली दाबली की सगळं गाणंच वर उचलता येतं. (एमपी३ फाइल लहान करण्यालाही कॉम्प्रेशन म्हणतात, पण तो वेगळाच प्रकार.)

टेप आणि तबकड्यांच्या अ‍ॅनालॉग काळात आवाज दाबण्याला पर्याय नव्हता. हळू आवाज टेपच्या सरसरीत बुडायचे. तबकडीवर खर्ज फार मोठा कोरला तर खाच रुंद व्हायची, मिनिटं कमी मावायची, शिवाय सुई उडण्याची भीती. त्यावरचे उपायही सुरेख होते. एलए-२ए या कॉम्प्रेसरमध्ये आवाज चढला की आत एक पट्टी उजळते, तिच्या उजेडानं समोरच्या प्रकाशसंवेदी घटकाचा विद्युतरोध उतरतो आणि आवाज दबतो. हा घटक लगेच पूर्वपदावर येत नाही, आधी भरभर आणि मग रेंगाळत सावरतो. गायकाच्या गळ्याला ही संथ चाल फार मानवते. टेपही जास्त आवाज झाला की चुंबकीय कणांच्या मर्यादेमुळे शिखरं हळूच गोल करायची.

१९८२ मध्ये सीडी आली. १६ बिट, म्हणजे सर्वांत हळू ते सर्वांत मोठ्या आवाजापर्यंत सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला, सरसर जवळपास नाहीच. आता दाबायचं कारण उरलं नव्हतं, आणि नेमकं तेव्हाच दाबणं बेसुमार वाढलं! डिजिटल लिमिटर, म्हणजे ठरलेल्या पातळीपुढे आवाज जाऊच न देणारा कॉम्प्रेसर, आवाज किंचित थांबवून ठेवतो, पुढचं शिखर आधीच पाहतो आणि ते वेळेत दाबतो. कुठल्याही विजेच्या मंडलाला इतकं अचूक जमलं नसतं. त्यात एकच गाणं थोडं मोठं वाजवलं तर कानाला तेच सरस वाटतं, म्हणून प्रत्येकाला शेजारच्यापेक्षा मोठं व्हायचं होतं. २००८ मध्ये मेटॅलिका या रॉक बँडच्या 'डेथ मॅग्नेटिक' अल्बमवर चाहतेच चिडले, कारण 'गिटार हिरो' या व्हिडिओ गेममधली तीच गाणी कमी दाबलेली, मोकळी होती.

पुढे मोजमाप बदललं. शिखराऐवजी कानाला जाणवणारी सरासरी पातळी मोजली जाऊ लागली. स्पॉटिफाय एरवी गाणी -१४ एलयूएफएसच्या (या जाणवणाऱ्या पातळीचं एकक) आसपास आणून वाजवतं. दाबून दाबून मोठं केलेलं गाणं तिथे सरळ खाली ओढलं जातं. मिळवलेला मोठेपणा जातो, ढोलाची बोथट झालेली थाप मात्र बोथटच राहते. तरी गाण्यांच्या अशा दाबलेल्या अंतिम प्रती (मास्टर) अजून बनतात, हे मला अनाकलनीय आहे.