हरिकेन आणि स्पिटफायर: डायल सारखे, कॉकपिट वेगळं

हरिकेन आणि स्पिटफायर ही दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश लढाऊ विमानं. १:२४ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या चोविसाव्या हिश्शाचं, हरिकेनचं मॉडेल करायला घेतलेले बरेच जण कॉकपिटसाठी स्पिटफायरचे फोटो समोर ठेवतात. स्पिटफायरचे फोटो पैशाला पासरी मिळतात, हरिकेनचे शोधावे लागतात. शिवाय दोन्हींत मधोमध तेच सहा डायल, तीच काळी पाटी, स्टिकच्या, म्हणजे विमान वळवायच्या दांड्याच्या, टोकाला तेच गोल कडं. मग बाजूच्या भिंतीही त्याच फोटोंवरून होतात. काम सुबक होतं, रंगही छान बसतो, पण कनोपी, म्हणजे कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण, उघडी ठेवली असेल तर जाणकाराच्या लगेच लक्षात येतं: बाहेर हरिकेन आहे आणि आत स्पिटफायर.

या घोटाळ्याचं मूळ डायलमध्ये आहे, म्हणून ते आधी बाजूला काढू. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात रॉयल एअर फोर्सनं ढगात आणि अंधारात उडण्यासाठी लागणारी सहा उपकरणं एकाच ठरावीक मांडणीत बसवायला सुरुवात केली. वरच्या ओळीत डावीकडून वेग, कृत्रिम क्षितिज आणि चढउताराचा दर. खालच्या ओळीत उंची, दिशा आणि वळण-घसरण. ही पाटी रबरी आधारांवर बसवलेली असते आणि ती स्पिटफायर, हरिकेन, मॉस्किटो, लँकेस्टर अशी सगळीकडे दिसते. पायलटनं विमान बदललं तरी त्याची नजर त्याच जागी जावी, हा हेतू. पाटीखालचं पी-८ होकायंत्र, समोरची नेम धरायची जीएम-२ रिफ्लेक्टर साइट, स्टिकच्या गोल कड्यावरची ब्रेकची पट्टी, पायलटला सीटला बांधणाऱ्या सटन हार्नेसचे ओळीनं भोकं पाडलेले चार पट्टे, हेही दोन्हीकडे भेटतात.

हा भाग दोन्ही मॉडेलसाठी एकाच पद्धतीनं करता येतो. यातली तबकडी साधारण ८० मिलिमीटरची असते, म्हणजे १:२४ ला ३.३ आणि १:३२ ला २.५ मिलिमीटर. पाव मिलिमीटरच्या स्टायरीन (प्लॅस्टिक) शीटमध्ये या मापाचं ड्रिल थेट घातलं की कड फाटते. १ मिलिमीटरच्या भोकापासून सुरुवात करून गोल कानशीनं ते वाढवत न्यावं. मागे डायलचे डिकल (पाण्यानं चिकटणारी छापील चित्रं), वर काचेसाठी ग्लॉस वार्निशचा एकेक थेंब. एवढ्यावर पॅनल छान दिसतं. लोक सगळा जीव इथेच ओततात, खरं काम मात्र पॅनलच्या दोन्ही बाजूंना आणि खाली असतं. कॉकपिट म्हणजे धडाची आतली बाजू. धड जसं बांधलंय तसं कॉकपिट दिसणार, आणि या दोन विमानांची धडं बांधायची रीतच वेगळी आहे.

हरिकेन पहिल्यांदा उडालं ६ नोव्हेंबर १९३५ ला आणि स्पिटफायर ५ मार्च १९३६ ला. अंतर चारच महिन्यांचं. इंजिन दोघांचंही रोल्स-रॉइस मर्लिन, सुरुवातीच्या लढाऊ आवृत्त्यांत दोघांच्याही पंखांत आठ ब्राउनिंग मशीनगन. पण सिडनी कॅमनी हरिकेनसाठी हॉकर कंपनीच्या दुपंखी विमानांची नळ्यांची बांधणी पुढे चालवली, तर आर. जे. मिचेल यांच्या सुपरमरीनच्या चमूनं भार पेलणाऱ्या पत्र्याचं धड केलं. पहिल्या रीतीतून विमान लवकर बांधता आणि दुरुस्त करता येत होतं, दुसरीला कारखान्यात वेळ आणि कसब जास्त लागत होतं. मॉडेल करणाऱ्यालाही हा फरक जसाच्या तसा भोगावा लागतो.

स्पिटफायरमध्ये लंबगोल फ्रेमा एकामागे एक उभ्या असतात, त्यांना लांबीनं स्ट्रिंगर, म्हणजे बारीक आडव्या पट्ट्या, जोडतात आणि वरून पत्रा रिव्हेट केलेला असतो. फ्रेमांना क्रमांक आहेत: इंजिनामागची आगभिंत ५ नंबरची, शेपटाचा भाग जोडला जातो ती १९. पायलट या लंबगोलात अगदी दाटीवाटीनं बसतो. त्याच्या दोन्ही कुशींना पत्र्याची आतली बाजू, त्यावर फ्रेमांच्या उभ्या कडा, मधून जाणारे स्ट्रिंगर, आणि या सगळ्यावर बसवलेले डबे, नळ्या, चाकं, दांडे. म्हणजे हे कॉकपिट भिंतीपासून सुरू होऊन आत येतं. स्क्रॅच बिल्डही, म्हणजे तयार भाग न घेता हातानं केलेलं कामही, त्याच क्रमानं करावा लागतो.

इथली खरी अडचण जाडीची आहे. खऱ्या विमानाचा पत्रा मिलिमीटरभराचा. किटच्या धडाची भिंत दीड मिलिमीटर धरली तर १:२४ च्या हिशेबानं ती ३६ मिलिमीटर जाड पत्र्यासारखी होते. तिच्यावर आणखी फ्रेमा चिकटवल्या की कॉकपिट इतकं अरुंद होतं की सीट मावत नाही. म्हणून भिंत आतून खरवडून पातळ करावी लागते. वाकड्या पात्याच्या सुरीनं किंवा हळू फिरणाऱ्या मिनी ड्रिलनं थोडं थोडं काढायचं आणि दर वेळी प्लॅस्टिक दिव्यासमोर धरून बघायचं. पातळ झालेली जागा उजळ दिसते आणि जाड राहिलेली काळपट, त्यामुळे कुठे थांबायचं ते मोजपट्टीशिवाय कळतं. कॉकपिटच्या वरच्या कडा आणि दाराची चौकट तर कागदासारखी दिसेपर्यंत न्यावी, कारण बघणाऱ्याची नजर आधी तिथेच पडते. मग स्टायरीनच्या बारीक पट्ट्यांचे स्ट्रिंगर आणि त्यांच्यासाठी खाचा पाडलेल्या फ्रेमा. या खाचा टाळू नयेत. फ्रेम स्ट्रिंगरवरून उडी मारून गेल्यासारखी दिसली की भिंत खोटी वाटते.

डाव्या बाजूला खाली उघडणारं छोटं दार हे स्पिटफायरचं वैशिष्ट्य. त्याच्या आतल्या बाजूला नंतरच्या विमानांत अडकवलेली पहार असते. आज उडवल्या जाणाऱ्या विमानांत ती बऱ्याचदा लालभडक दिसते. युद्धकाळातल्या मॉडेलला तो रंग देऊ नये असं माझं मत आहे. पुन्हा उडत्या केलेल्या विमानांच्या फोटोंबद्दल एकूणच सावध राहावं. त्यांत आधुनिक रेडिओ असतात, नवे पट्टे असतात, आणि सगळं जरा जास्तच चकचकीत असतं.

हरिकेनला दार नाही. पायलट डाव्या पंखाजवळच्या पायरीवर पाय देऊन चढतो, कनोपी मागे सरकवतो आणि वरून आत उतरतो. उजव्या बाजूला संकटाच्या वेळी निखळून टाकता येणारा पत्रा असतो. त्याच्या कडेची रेघ किटवर नसली तर कोरून घ्यावी.

आत मात्र खरी मजा आहे. हरिकेनचं धड मांडवासारखं: भार सगळा सांगाड्यावर, आणि बाहेरचं आवरण नुसतं आकारासाठी. स्टील आणि ड्युरालुमिनच्या लांब नळ्या, त्यांना जोडणाऱ्या उभ्या-तिरप्या नळ्या, जागोजागी ताणलेल्या तारा. त्यावर बाहेरून आकार देणारे लाकडी फॉर्मर आणि स्ट्रिंगर, पुढच्या भागात धातूचे पत्रे आणि कॉकपिटच्या मागे डोप (कापड ताणून घट्ट करणारं वार्निश) लावलेलं कापड. पायलट या पिंजऱ्यात बसतो. त्याच्या कोपराशेजारी नळी असते, नळीपलीकडे मोकळी जागा, आणि त्याही पलीकडे आवरणाची आतली बाजू. स्पिटफायरच्या फोटोवरून केलेल्या हरिकेनमध्ये नेमकी ही पोकळी हरवते.

म्हणून हरिकेनचा पिंजरा किटच्या भिंतीला चिकटवून करायचाच नाही. तो बाहेर, टेबलावर, स्वतंत्र बांधायचा. बाजूचं रेखाचित्र १:२४ मापात छापून लाकडी पाटीवर चिकटवा, त्यावर बटर पेपर लावा आणि डावी-उजवी अशा दोन्ही बाजू त्याच एका चित्रावर जोडा, म्हणजे दोन्हींत केसाचा फरक राहत नाही. नळीचा व्यास एक ते दीड इंच धरला तर १:२४ ला साधारण १ ते १.६ मिलिमीटरची तार लागते. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात तांब्याची तार अजून ब्रिटिश गेजवरच मिळते, ते इथे उपयोगी पडतं: १९ नंबर म्हणजे १.०२ मिलिमीटर, १६ नंबर म्हणजे १.६३. वेटोळ्यातली तार वाकडी असते. तिचं एक टोक शिकंज्यात धरून दुसरं पकडीनं ओढायचं. हाताला ती किंचित ताणल्यासारखी लागली की थांबायचं. तार सरळही होते आणि कडकही. तारेवरचं इनॅमल जोडाच्या जागी खरवडून काढा, नाहीतर फेविक्विक धरत नाही.

हॉकरच्या बांधणीचं वेगळेपण जोडात आहे. नळी गोल, पण तिचं टोक दाबून चौकोनी केलेलं. त्याच्या दोन्ही अंगांना धातूच्या पट्ट्या आणि त्यांतून आरपार बोल्ट आणि पोकळ रिव्हेट. वेल्डिंग नाही, त्यामुळे एखादी नळी वाकली तर ती काढून दुसरी बसवता येई. मॉडेलवर तारेचं टोक चपट्या कानशीनं चार बाजूंनी किंचित घासलं की तो चौकोनी भाग दिसू लागतो. पट्टीसाठी सगळ्यात पातळ स्टायरीन शीटचा २ बाय ३ मिलिमीटरचा तुकडा घ्या, जाड पुठ्ठ्यावर ठेवून बोथट सुईनं मागून दाबा, पुढे रिव्हेटची डोकी उठतात. असे जोड कॉकपिटमध्ये वरून मोजकेच दिसतात. तेवढे नीट केले की बाकीचे साधे ठेवले तरी चालतं.

जमिनीबद्दल गैरसमज दोन्हीकडे आहे. किटमध्ये अनेकदा सपाट फरशी दिलेली असते. खऱ्या विमानांत तशी फरशी नाही. पायलटच्या टाचा टेकायला पेडलपर्यंत जाणाऱ्या दोन अरुंद पट्ट्या, बस्स. हातातून पेन्सिल सुटली की ती थेट विमानाच्या पोटात. फरक त्या पट्ट्यांच्या मधून काय दिसतं यात आहे. स्पिटफायरमध्ये खाली धडाचा वळलेला पत्रा आणि फ्रेमांचे तळ दिसतात. हरिकेनमध्ये पायलट पंखाच्या मधल्या भागावर बसलेला असतो, त्यामुळे नळ्या, तारा आणि पंखाचे स्पार (मुख्य तुळया) दिसतात. म्हणून किटची फरशी कापून काढणं हे दोन्ही मॉडेलचं पहिलं काम, पण तिच्या जागी काय येतं ते एकमेकांवरून उतरवता येत नाही.

उजव्या हाताचा दांडाही असाच फसवतो. चाकं वर घेण्याचा दांडा दोन्हींत उजवीकडे. हरिकेनमध्ये मात्र चाकं आणि फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेच्या झडपा) दोन्ही एकाच दांड्यावर चालतात आणि तो इंग्रजी एच अक्षराच्या आकाराच्या खाचेत फिरतो. स्पिटफायरमध्ये फ्लॅप हवेच्या दाबावर चालतात आणि त्यांची छोटी कळ पॅनलवर डावीकडे वर असते. सुरुवातीच्या स्पिटफायरमध्ये चाकं हातपंपानं वर घ्यावी लागत. उड्डाण करताच स्टिक डाव्या हातात घेऊन उजव्यानं पंप मारायचा, त्यामुळे नवख्या पायलटांची विमानं वरखाली डुलत जात. स्पिटफायरची पहिली आवृत्ती, मार्क १, करत असाल तर आपलं विमान पंपाचं की इंजिनावर चालणाऱ्या हायड्रॉलिकचं, हे आधी ठरवा.

सीटचं थोडक्यात: हरिकेनला धातूची, स्पिटफायरला आधी धातूची आणि पुढे राळेनं बांधलेल्या कागदी थरांची, तपकिरी-तांबूस. स्पिटफायरच्या तांबूस सीटला हिरवा रंग फासू नका. बाजूंच्या करड्या-हिरव्या रंगासाठी हंब्रॉल ७८ जवळचा. तामियाच्या एक्सएफ-७१ बाटलीवरही कॉकपिट ग्रीन लिहिलेलं असतं, पण ती छटा जपानी नौदलाची आहे. हरिकेनच्या नळ्या अनेकदा ॲल्युमिनियम रंगाच्या असतात, वरचा भाग हिरवा आणि खाली चंदेरी. ही सरमिसळ दिसली की आतल्या पोकळीला खोली येते.

भारतीय मॉडेल करणाऱ्यांना या जोडीचं आणखी एक कारण आहे. १९४४ मध्ये इंफाळच्या लढाईत अर्जन सिंग यांच्या हाताखाली भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन हरिकेनवरच लढली. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आठव्या स्क्वाड्रनकडे स्पिटफायर मार्क ८ आली. दिल्लीत पालमच्या वायुसेना संग्रहालयात दोन्ही विमानं आहेत. तिथे गेलात तर दोन्हींच्या कॉकपिटमागचा भाग निरखून बघा: हरिकेनवर कापडाखालच्या स्ट्रिंगरच्या लांब रेघा, स्पिटफायरवर गुळगुळीत पत्रा आणि त्याचे सांधे. आत काय असणार ते बाहेरूनच लक्षात येतं.

पहिल्यांदाच स्क्रॅच बिल्ड करणाऱ्यानं कोणतं घ्यावं? बहुतेक जण स्पिटफायर सुचवतात, कारण त्याचे फोटो भरपूर आणि सुटे भागही बाजारात मिळतात. मी हरिकेन सुचवेन. त्याचा पिंजरा टेबलावर होतो. एखादी बाजू तिरकी झाली तर ती टाकून नवी करता येते आणि किटला धक्का लागत नाही. स्पिटफायरची भिंत खरवडताना सुरी आरपार गेली तर किटचं अर्धं धडच गेलं. तरी स्पिटफायरच घ्यायचं असेल तर दोन्ही अर्धी धडं दर नव्या तुकड्यानंतर टेपनं जोडून बघा, सीट आणि पॅनल आत ठेवून. कुठेतरी दाटलं असेल तर ते रंग द्यायच्या आधीच कळायला हवं.