सेतीची कबर कॉम्प्युटरवर परत कशी जोडतात?

१८१७ मध्ये बेल्झोनी नावाच्या इटालियन माणसाला इजिप्तमधल्या लक्झरजवळच्या व्हॅली ऑफ द किंग्जमध्ये सेती पहिला या राजाची, म्हणजे दुसऱ्या रामसेसच्या बापाची कबर सापडली, तेव्हा तिच्यातले रंग अगदी ताजे होते. पुढे तिची जी वाट लागली त्यात माणसांचा हात मोठा. कोरीवकामाचे साचे घ्यायला भिंतीवर मेण नाहीतर ओला कागद दाबायचे, तो काढला की रंगही सोबत यायचा. १८२९ मध्ये शाम्पोलियन आणि रोसेलिनीने दाराजवळचे कोरीव तुकडेच कापून नेले, एक आता पॅरिसच्या लूव्रमध्ये, दुसरा फ्लॉरेन्सला. ज्या शाम्पोलियनने इजिप्तची चित्रलिपी वाचली त्यानेच भिंत कापावी, काय बोलणार! दगडी शवपेटी लंडनच्या सोन म्युझियममध्ये आहे.

खरे तुकडे परत मागायचे तर देशादेशांत भांडणं, पण स्कॅन आणायला कोणाची परवानगी मिळाली की झालं. माद्रिदची फॅक्टम फाउंडेशन हेच करते. त्यांच्या ल्युसिडा स्कॅनरमधून लेझरची बारीक रेघ भिंतीवरून सरकते, जिथे उंचवटा किंवा खड्डा असेल तिथे ती वाकते, ते वाकणं दोन कॅमेरे टिपतात आणि त्यावरून मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंतचा उंचसखलपणा कळतो, शिवाय भिंतीला हात लागत नाही. रंगाचे फोटो वेगळे काढायचे आणि मग दोन्ही एकमेकांवर बसवायचे. उडालेल्या रंगांसाठी बेल्झोनी आणि त्याचा साथीदार चित्रकार रिचीने तेव्हा काढलेली जलरंगातली चित्रं कामाला येतात, ती ब्रिस्टलला आहेत.

पण अंदाज कुठे सुरू होतो? मला खरा इंटरेस्ट इथे आहे. त्याच दरीतल्या तुतनखामेन राजाच्या कबरीतून सामान बाहेर काढताना ती शोधणाऱ्या कार्टरच्या टीमला दक्षिण भिंतीचा एक भाग पाडावा लागला होता, ज्यावर इसिस देवी आणि तिच्यामागे तीन देव होते. नशीब की टीमच्या फोटोग्राफरने, हॅरी बर्टनने त्याआधी फोटो काढून ठेवला होता, पण तो ब्लॅक अँड व्हाइट, म्हणजे रंग उरलेल्या भिंतींवरून ठरवायचा. २०१४ मध्ये तिथे जवळच तुतनखामेनच्या कबरीची प्रतिकृती उघडली, तेव्हा हा तुकडाही बनवला, पण भिंतीत बसवला नाही, बाजूला वेगळा मांडला. मला हे फार पटलं, कारण भिंतीत चिकटवला असता तर बघणाऱ्याला स्कॅन कुठला आणि अंदाज कुठला ते कळलंच नसतं. आणि हो, खऱ्या भिंतींवरचे बुरशीचे तपकिरी डागसुद्धा प्रतिकृतीत जसेच्या तसे ठेवलेत.