नॉर्मॅलिटी वेगळी, व्हेरियन्स वेगळा: टी-टेस्टआधी नेमकं काय बघायचं

थिसिसचा सीझन आला की परभणी-लातूरकडची ॲग्रीची पोरं एकच विचारायलेत, शापिरो (आकडे नॉर्मल, म्हणजे घंटेच्या आकाराचे आहेत का हे बघणारी टेस्ट) नॉर्मल आला, आता टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासऱ्यांची तुलना) लावू ना सर? अरे, शापिरोनं अर्धंच सांगितलं, आणि तेही माझ्या मते कमी कामाचं अर्धं.

समजा सोयाबीनचा एकरी उतारा बघायचाय, एकीकडं तुषारवरचे ४० प्लॉट, दुसरीकडं कोरडवाहू १०. नॉर्मॅलिटी म्हणजे प्रत्येक गटातल्या आकड्यांचा आकार कसाय, घंटेसारखा आहे का एका बाजूला शेपूट ओढलेलं आहे. हे गटागटानं बघायचं. बरेच जण ५० च्या ५० आकडे एकाच कॉलममध्ये टाकून शापिरो चालवतात, आता दोन गटांच्या सरासरीतच मोठा फरक असंल तर दोन उंचवटे दिसणारच की, त्यात डेटाचा काय दोष! शिवाय १० प्लॉटवर शापिरोला वाकडेपणा सहसा सापडत नाही, आणि हजारभर नोंदी असल्या की बारीकसा वाकडेपणाही तो पकडतो, जेव्हा सरासरीच्या तुलनेत त्यानं फारसं बिघडत नसतं. क्यू-क्यू प्लॉट (आकडे नॉर्मल असले तर ठिपके सरळ रेषेत येतात असा आलेख) काढून डोळ्यानं बघा, जास्त कळतं.

व्हेरियन्सचा प्रश्न आकाराचा नाही, पसाऱ्याचा आहे. कोरडवाहूत एक प्लॉट भारी काळ्या रानात, दुसरा मुरमाड माळावर, पावसानं ताण दिला की उतारा कुठंच्या कुठं जातो. तुषारवाले त्यामानानं एका ओळीत. दोन्ही गट अगदी नॉर्मल असून पसारा वेगळा असू शकतो, हेच डोक्यात बसत नाही.

आता धरा तुषारचं स्टँडर्ड डेव्हिएशन (पसाऱ्याचं माप, त्याचा वर्ग म्हणजे व्हेरियन्स) १ क्विंटल, कोरडवाहूचं ३, आणि सरासरीतला फरक १.५ क्विंटल. साधी टी-टेस्ट दोन्हीचा व्हेरियन्स एकत्र मिसळते, ४० प्लॉटवाल्याचं वजन जास्त पडतं, स्टँडर्ड एरर (सरासरीतल्या फरकाची अनिश्चितता) ०.५६ येतो आणि टी (फरक भागिले एरर) साधारण २.७, म्हणजे सिग्निफिकंट (निव्वळ योगायोग वाटू नये इतका फरक), पेढे वाटा. वेल्चनं, म्हणजे दोन्हीचा व्हेरियन्स वेगवेगळा धरणाऱ्या टी-टेस्टनं, केलं तर एरर ०.९६, टी १.५६, डिग्री ऑफ फ्रीडम (हिशेबाला हाताशी किती मोकळी माहिती आहे ते) ४८ वरून साडेनऊवर, आणि फरक गायब. लहान गटाचा पसारा मोठा असला की असा खोटा फरक दिसतो, आणि उलटं असलं, म्हणजे कोरडवाहू ४० आणि तुषार १०, तर खरा फरकसुद्धा दबतो. दोन्ही गटांत प्लॉट सारखेच असले तर बरंच निभावतं.

सॅम्पल वाढवलं की नॉर्मॅलिटीची चिंता बहुतेक कमी होते, पण गटांचं प्रमाण तसंच विषम ठेवून कितीबी प्लॉट वाढवा, व्हेरियन्सची गडबड जात नाही.

मग लेव्हीन (गटांचा व्हेरियन्स सारखा आहे का हे बघणारी टेस्ट) लावून ठरवू म्हणता? लहान सॅम्पलमध्ये लेव्हीनलाही कमीच दिसतं, आणि त्याच कामाची दुसरी टेस्ट बार्टलेट तर नॉर्मॅलिटी बिघडली तरी बोंबलतो, म्हणजे परत तीच गल्लत. सरळ वेल्च लावा, १९४७ चा आहे, काही नवीन फॅड नाही. आर या सॉफ्टवेअरमध्ये टी-टेस्ट डिफॉल्टनं वेल्चच करते, पायथनच्या सायपायमध्ये मात्र इक्वल व्हेरियन्स ऑफ करावं लागतं, एसपीएसएसमध्ये निकालाच्या तक्त्यातली खालची ओळ वाचायची. आणि मॅन-व्हिटनीकडं (आकड्यांऐवजी त्यांचे क्रम तोलणारी टेस्ट) पळून सुटका नाही, पसारा वेगळा असला की सरासरी किंवा मीडियनच्या तुलनेसाठी त्याचाही पी (सिग्निफिकंट आहे का ते ठरवणारा आकडा) फसवा निघू शकतो.